पाणी उतरेपर्यंत

हार्लन फोर्ड, मोंटाना
९ एप्रिल १९७८

प्रिय पा,

नदीवरचा बर्फ मंगळवारी फुटला. मी शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. लाकडांनी भरलेला ट्रक उलटावा तसा आवाज आला. पोरं खिडकीकडे धावली, बाईंनी त्यांना दटावून बसवलं, आणि मग त्या स्वतःच दारात येऊन माझ्याकडे बघत राहिल्या. हल्ली नदीचं नाव निघालं की सगळे आधी माझ्या तोंडाकडे बघतात.

नाताळनंतर तुमचं पत्र नाही, म्हणून मीच लिहिते. एक काम आहे. मला गळ टाकायला शिकायचंय.

हसू नका. इतकी वर्षं तुमच्या घरात सून म्हणून काढली आणि गळाच्या काठीला हात लावला नाही, हे मलाही ठाऊक आहे. काल शेडमधून नेल्सचा गळाच्या खोट्या माश्यांचा डबा काढला. त्यात किड्यासारखं काहीच नाही, नुसती लांब लांब पिसं गळाला बांधलेली. काळी, पांढरी, पिवळी, शेवाळी. नेल्स त्यांना स्ट्रीमर म्हणायचा. एकदा मला समजावत होता, की बाकीच्या माश्या किड्यांची सोंगं असतात, आणि ही पाण्यात पळणाऱ्या पिटुकल्या माशाची. मी भांडी घासत होते. ‘हं’ म्हणाले.

तर बर्फ वितळायला लागला, की यातली आधी कोणती लावायची?

नोव्हेंबरात नेल्स बदकांच्या शिकारीला गेला, आणि शेरीफची माणसं नुसती उपडी नाव घेऊन परत आली. नदी गोठल्यावर ती माणसं म्हणाली, ‘आता वसंतात बघू.’ वसंत आलाय, पा. अजून कोणी काही बघत नाही.

तुमचे गुडघे कसे आहेत? तुम्ही नोव्हेंबरात येऊ शकला नाहीत ते गुडघ्यांमुळे, असं सोल्वेगआत्यांनी कळवलं होतं.

तुमची,
लोर्ना


अ‍ॅस्टोरिया, ऑरेगन
१५ एप्रिल

लोर्ना, पोरी,

पत्र मिळालं. सोल्वेगने चष्मा शोधून दिला. एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं.

आधी एक गोष्ट डोक्यात घे. बर्फ फुटला म्हणजे नदीने फक्त कूस बदलली. डोंगरावरचा बर्फ अजून जागच्या जागी आहे. तो मे महिन्यात खाली येतो आणि तेव्हा नदी वेडी होते. झाडं उपटून नेते. ते पाणी ट्राउट माशांनासुद्धा झेपत नाही. ते धार सोडून काठाशी येतात आणि दगडाआड, झुडपांच्या मुळांत जीव मुठीत धरून बसतात. तेव्हा जूनच्या आत तू पाण्यात पाऊल टाकायचं नाही. घोट्याइतक्यासुद्धा नाही. मला तसं वचन हवंय.

तोवर अंगणात सराव कर. दोरीच्या टोकाला लाल लोकरीचा झुपका बांध. काठी मागे ने, दोरी मागे पूर्ण ताठ होईपर्यंत थांब, मग पुढे आण. सगळे घाई करतात ती त्या थांबण्यात. मनगट मोडू नकोस, कोपर बरगडीला लावून ठेव. बादली ठेव आणि झुपका बादलीत पडला पाहिजे. महिनाभर एवढंच.

जेवतेस का नीट? शेजारची विल्मा येते का? घरात एकटी बसू नकोस.

माझे गुडघे आहेत तसेच आहेत. इथे रोज धुकं. सोल्वेगच्या चर्चमधल्या बायका दर गुरुवारी पत्ते खेळायला येतात आणि मला भिडू करून घेतात. मी मुद्दाम हरतो, तरी बोलावतात.

ऑरिन


हार्लन फोर्ड
२४ एप्रिल

प्रिय पा,

सराव चालू आहे. पहिल्या दिवशी झुपका माझ्याच केसांत अडकला, दुसऱ्या दिवशी विल्माच्या कपडे वाळत घालायच्या दोरीत. ती कुंपणापलीकडून ओरडली, “काय गं, गवतात मासे चावतायत का?”

मी म्हटलं, “एक लागला होता. तुझ्या नवऱ्याच्या चड्डीएवढा होता. सुटला.”

ती हसली, आणि मग हसल्याबद्दल तिला कसंसंच झालं. लगेच आत गेली. माझ्यासमोर हसायचं की नाही, ते गावात अजून कोणालाच ठरवता आलेलं नाही.

शनिवारी रस्कच्या दुकानात गेले होते. तिथे स्टोव्हभोवती नेहमीची मंडळी. मी विचारलं, वितळत्या बर्फाच्या पाण्याला कोणती माशी चांगली? झालं, तंटा सुरू. रस्क म्हणतो, “पिवळी! गढुळात पिवळी दिसते, बाकी सगळं अंधार.” बिल ओडेगार्ड म्हणतो, “पांढरी. मेलेला मासा पांढराच दिसतो.” एवढं बोलला आणि त्याची जीभ टाळूला चिकटली. रस्कने मला दोऱ्याचं एक रीळ असंच देऊन टाकलं. मला ते नको होतं, पण घेतलं, नाहीतर त्याला आणखी वाईट वाटलं असतं.

तुम्ही लिहिलंत की चढत्या पाण्यात ट्राउट धार सोडून संथ जागी येतात. अशा जागा आपल्या नदीवर कुठे कुठे आहेत? धार कुठे मंदावते? वरून वाहत आलेलं सगळं शेवटी कुठे जाऊन थांबतं? पुलाच्या खालच्या अंगाला, विशेषतः. मला सगळं नीट, ठिकाणांच्या नावांनिशी लिहा.

नेल्सची छातीपर्यंतची रबरी विजार मला होते. लांब आहे, पण पट्टा आवळला की होते.

लोर्ना


अ‍ॅस्टोरिया
१ मे

लोर्ना,

ठिकाणं पुढे. आधी माशी निवडायला शीक. ते न येता जागा कळून उपयोग नाही.

स्टोव्हभोवतीच्या मंडळींचं ऐकू नकोस. रस्कला पिवळी विकायची असते, म्हणून त्याला पिवळी दिसते. माशी माणसाच्या आवडीने ठरत नाही, पाण्याच्या रंगाने ठरते. घरातला पांढरा मग घे, त्याला दोरी बांध, आणि काठावरून (काठावरून!) पाण्यात सोड. किती खोल गेल्यावर दिसेनासा होतो ते बघ.

बुडताक्षणी नाहीसा झाला, पाणी दुधाच्या कॉफीसारखं असलं, तर काळी. मोठी, जाड डोक्याची, भरपूर पिसांची काळी. लोकांना वाटतं गढुळात भडक रंग हवा. अगं, मासा खालून वर बघतो. वर उजेड असतो, उजेडावर काळं उठून दिसतं. शिवाय जाड डोकं पाणी ढकलतं, त्याचा हेलकावा माशाला अंगावर कळतो. डोळ्यांनी नाही दिसलं तरी कळतं.

मग मनगटभर खोल दिसला, पाणी हिरवट झालं, तर शेवाळी किंवा तपकिरी. तळाच्या दगडांत मोठ्या डोक्याचे लहान मासे असतात, त्यांचा तोच रंग. आणि कोपरभर दिसला, की बारीक, विरळ पिसांची करडी-पांढरी. त्या पाण्यात ट्राउटला सगळं दिसतं, त्याला फसवायला कमीच लागतं.

आणि पाणी बर्फाचं आहे, थंडगार. मासा गारठलेला असतो, तो पाठलाग करत नाही. माशी त्याच्या नाकाशी नेऊन हळू हलवावी लागते. गळाच्या दांडीला शिशाची तार गुंडाळलेली असली की ती तळाशी जाते.

दर आठवड्याला मला पाण्याचा रंग कळव. मी इथून सांगेन कोणती लावायची. मी सांगितल्याशिवाय लावायची नाही.

सोबत एक काळी बांधून पाठवतोय. तिचं टोक मोडलंय, सरावात कुणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून.

ऑरिन


हार्लन फोर्ड
१२ मे

पा,

पाणी दुधाच्या कॉफीसारखं आहे. पांढरा मग बुडताक्षणी नाहीसा होतो.

काल विल्मा आली आणि म्हणाली, वॉर्डला मासेमारीला जायचंय, तेवढी नेल्सची रबरी विजार देशील का? मी म्हटलं, “वॉर्डला?” ती म्हणाली, “हो.” मी म्हटलं, “विल्मा, तुझ्या नवऱ्याची एक मांडी त्या विजारीत जाणार नाही. दुसरी कुठे ठेवणार आहे तो?” तिचे डोळे भरून आले. ती चांगली बाई आहे, पण तिला खोटं बोलता येत नाही. शेवटी तिने सांगितलं की तुम्ही फोन केला होता. विजार काढून घ्या, म्हणालात. तिच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, म्हणालात.

तुम्हाला वाटतंय की मी नेल्सच्या मागोमाग पाण्यात जाणार आहे. टोक मोडलेली माशी, बादली, मग, दर आठवड्याचा रंग. सगळं मला जूनपर्यंत अडकवून ठेवायला. हो ना?

तर ऐका. मला मरायचं नाही. एवढी साधी गोष्ट तुम्ही मला विचारली असतीत तर मी सांगितली असती.

मला तो शोधायचाय.

बर्फ गेल्यापासून मी रोज शाळा सुटल्यावर काठाने चालत होते. पहिल्या आठवड्यात पाद्र्यांनी मला गाडीत घालून घरी आणून सोडलं. मग शाळेच्या बाईंनी. मग रस्कच्या बायकोने; तिने तर सूपही पाजलं. रिकाम्या हाताने नदीकाठी उभ्या असलेल्या विधवेला या गावात कोणी उभं राहू देत नाही. पण काठी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कोणी काही म्हणत नाही, लांबूनच हात करतात. म्हणून काठी.

त्याला जमिनीत ठेवायचंय मला, पा. त्याच्यावर माती टाकायचीय. दाराचा आवाज झाला की अजून मी चमच्यासकट उठते. तुम्ही असं किती दिवस जगाल?

धार कुठे मंदावते ते मी विचारलं होतं. तुम्ही मला रंग शिकवलेत. आता जागा सांगा.

लोर्ना

ता. क. विजार मी दिली नाही.


अ‍ॅस्टोरिया
१८ मे

लोर्ना,

तुझं पत्र वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. सोल्वेगने विचारलं, काय झालं, तर तिच्यावरच खेकसलो.

मला तेच वाटलं होतं. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. विचारायला हवं होतं, पण हो म्हणाली असतीस तर मी इथून काय केलं असतं?

मीही तुला एक सांगतो. नोव्हेंबरात मी बसमध्ये बसलो होतो. मिसुलापर्यंत आलो. तिथल्या स्टँडवर कॉफी घेतली आणि उलट्या बसने परत फिरलो. गुडघे तेव्हा ठणठणीत होते. जिच्यावर आयुष्य काढलं, जिच्यावर पोराला काठी धरायला शिकवलं, त्या नदीकडे बघायची माझी छाती झाली नाही.

आता जागा. पुलाखालून सुटलेली मुख्य धार खाली केसलरच्या कुरणाच्या वळणावर जाऊन आदळते. तिथे उन्मळलेल्या झाडांचा मोठा ढीग दरवर्षी अडकतो. नदी आपलं ओझं तिथे टाकते. त्याच ढिगाच्या खालच्या बाजूला पाणी संथ फिरत राहतं आणि ट्राउट नेमके तिथेच बसतात. म्हणजे तुझं जे काम आहे ते आणि मासे, दोन्ही एकाच जागी.

पण काठावरूनच. ढिगावर चढायचं नाही. ओली लाकडं पायाखालून सटकतात आणि माणूस खाली ओढला जातो. वॉर्ड त्याच्या ट्रकमध्ये बसून राहील. त्याला सहन कर. तुझ्याशी तो बोलणार नाही, त्याला बोलता येतच नाही.

तीन माश्या पाठवतोय. यांची टोकं शाबूत आहेत. कॉफीच्या पाण्यात काळी. ढिगाच्या वरच्या बाजूला टाक, धारेला ती नेऊ दे, दोरी नुसती ताणलेली ठेव. शेवटी ती काठाकडे वळेल. मासा तिला घेतो तो ती वळताना.

ऑरिन


हार्लन फोर्ड
५ जून

प्रिय पा,

तीन आठवडे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, नुसतं पाणी होतं. गेल्या आठवड्यात गरम वारा सुटला आणि नदी केसलरच्या कुंपणापर्यंत आली. अख्खी झाडं मुळांसकट गेली. एक मेलेली गाय गेली, चारी पाय वर. वॉर्डने ट्रकमधून उतरून टोपी काढली. गाईला! मी त्याच्याकडे बघितलं तसा तो म्हणाला, “लांबून मला कळलं नाही,” आणि परत जाऊन बसला. आमचं एवढंच बोलणं झालंय.

मी रोज जाते. शाळेला सुट्टी लागलीय, म्हणून आता सकाळीच. काळी लावते, टाकते, आणि डोळे त्या लाकडांच्या ढिगावर ठेवते. काही फडफडलं की दोरी सोडून बघत राहते. आतापर्यंत एक गोणपाट, एक घोड्याचं खोगीर आणि कुणाची तरी गादी.

काल मासा लागला.

मी ढिगाकडेच बघत होते. दोरी काठाकडे वळली आणि अडकली. वाटलं, लाकूड. मग ते लाकूड चालायला लागलं. पा, मला काय करायचं ते काही आठवेना. काठी वर, एवढंच आठवलं. तो खाली खेचायचा, मी मागे सरायचे. वॉर्ड ट्रकमधून ओरडत होता, “जाऊ दे! त्याला जाऊ दे! आता ओढ! नको, जाऊ दे!” किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी तो गवतात आला, पिवळ्या पोटाचा, अंगावर तांबडे ठिपके, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत. जबड्याच्या कोपऱ्यात तुमची काळी.

मी दगडाने मारला त्याला. मग गवतात बसले आणि रडू फुटलं, इतकं की वॉर्ड बिचारा ट्रकभोवती फेऱ्या मारायला लागला. त्याला वाटलं माशासाठी रडतेय.

तेवढा वेळ मी नेल्सला विसरले होते. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा. अगदी पूर्ण विसरले होते, आणि मला बरं वाटत होतं. हे कोणाला सांगायचं? तुम्हाला सांगते.

मासा लोण्यात तळला. अर्धा विल्माकडे दिला. चव मातीसारखी होती, पण सगळा खाल्ला.

लोर्ना


अ‍ॅस्टोरिया
१० जून

लोर्ना, पोरी,

मासा मातीसारखा लागतो तो गढूळ पाण्यामुळे. पाणी निवळलं की चव येते.

विसरलीस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. लोक उगाच नाही त्या काठावर पैसे देऊन उभे राहत. मी इतकी वर्षं वाटाड्या म्हणून त्यांना नदीवर नेलं. कोणाची बायको गेलेली, कोणाचा कारखाना बुडालेला. मासा काठीवर असेतोवर कोणालाच काही आठवत नाही. तेवढंच मिळतं. मासा गवतात आला की सगळं परत येतं, पण मधे तेवढं मिळतं.

आता पाणी उतरायला लागेल. मग पाणी हिरवं दिसलं की शेवाळी लाव, आणि काळीपेक्षा थोडी लवकर ओढ. पाणी उबदार होतंय, मासा आता दोन हात तरी धावेल. वळणावरच राहा. दुसरीकडे जाऊ नकोस, बाकी सगळीकडे काठ खचलेले असतील.

मला पत्र लिही. रंग नसला तरी लिही.

ऑरिन


हार्लन फोर्ड
१९ जून

पा,

विल्माने फोन केला असेलच. मी मुद्दाम केला नाही. फोनवर मी ओरडले असते आणि मला हे नीट सांगायचंय.

शनिवारी वॉर्ड आला नाही. कामावरचं रस्ते सपाट करायचं यंत्र बिघडलंय, म्हणाला. मी एकटीच केसलरच्या वळणावर गेले. पाणी हिरवं झालं होतं. तुमची शेवाळी लावली. दुसऱ्याच फेकीला एक मोठा मागे आला, नुसता बघून परत गेला. मी पुन्हा टाकत होते, तेवढ्यात कुरणातून विल्मा येताना दिसली. चर्चचे बूट घालून, चिखलातून.

“लोर्ना, दोरी गुंडाळ.”

“थांब गं, इथे एक आहे.”

“लोर्ना. गुंडाळ.”

तो सापडला होता. पुलाच्या लगेच खाली, रेतीच्या बेटामागे, जुन्या रेल्वेच्या खांबांत. वॉर्ड आणि शेरीफची दोन माणसं सकाळीच नाव घेऊन गेली होती. मी पोचले तोवर त्याला ताडपत्रीत गुंडाळून, बांधून, गाडीत ठेवलं होतं. मी म्हटलं, सोडा. कोणी सोडेना. मी वॉर्डच्या छातीवर बुक्के मारले. तो तसाच उभा राहिला, आणि मग म्हणाला, “ऑरिनने मे महिन्यातच फोन करून सांगितलं होतं. बेटामागे बघ, म्हणाला. पाणी उतरेपर्यंत जाता येत नव्हतं.”

मे महिन्यात, पा.

म्हणजे मला वळणाबद्दल लिहिलंत तेव्हाच तुम्हाला माहीत होतं. मी महिनाभर नदीच्या चुकीच्या जागी उभी राहिले, आणि तुम्ही मला माश्यांचे रंग लिहीत होतात. ‘वळणावरच राहा. दुसरीकडे जाऊ नकोस.’ मी तुम्हाला एकच गोष्ट मागितली होती. आणि तो मासा लागला तेव्हा मी इथे बरी होते, आणि तो तिथे होता. एवढ्याशा अंतरावर. पुलावर चढले असते तर दिसलं असतं.

घड्याळावरून आणि पट्ट्यावरून ओळखला, म्हणतात. मला घड्याळ दिलं. शवपेटी बंदच राहील.

दफन एक जुलैला, शनिवारी आहे. यायचं तर या.

लोर्ना


अ‍ॅस्टोरिया
२२ जून

लोर्ना,

मी सोमवारच्या बसने निघतोय. या वेळी मिसुलाला उतरणार नाही.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. वळणावर तो नसणार हे मला माहीत होतं. जड कोट, गुडघ्यापर्यंतचे बूट, बंदूक. तसा माणूस धारेबरोबर लांब जात नाही. पहिल्या संथ जागी खाली बसतो. ती जागा बेटामागची. नोव्हेंबरात सोल्वेगने फोन ठेवला तेव्हाच मला ती दिसली होती, आणि तेव्हापासून डोळे मिटले की तेच दिसतं. शेरीफला तेव्हाच सांगितलं होतं, पण बर्फ धरला होता.

मी या नदीतून आधी एक माणूस काढलाय. लाकूड गिरणीतला, जूनमध्येच. त्याची बायको काठावर होती. आम्ही तिला आवरू शकलो नाही. पुढे ती मला दुकानात भेटली की म्हणायची, मिस्टर ट्वाइट, आधी त्याचा चेहरा कसा होता हो? मला आठवत नाही, मला त्या दिवशीचा तेवढाच एक आठवतो.

मला तू तशी व्हायला नको होतीस. तुझा नेल्स तुझ्याकडे राहू दे, भांडी घासताना तुझ्या मागे बडबडत उभा असलेला. दुसरा मी माझ्याकडे ठेवून घेतला.

तू काठ सोडणार नाहीस हे मला कळलं होतं. मग तुला कुठेतरी उभं करणं भाग होतं. मी तुला जिथे मासे होते तिथे पाठवलं. माझ्याजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं.

माफ कर असं म्हणत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन.

ऑरिन


हार्लन फोर्ड
२० जुलै

पा,

दफनाच्या दिवशी मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि तुम्ही बसमध्ये चढलात तेव्हा वळूनसुद्धा पाहिलं नाही. ते चुकून झालं नव्हतं.

तुम्ही पेटीला हात लावून उभे होतात तेव्हा मला दिसलं, तुमचा कोट खांद्यांवर लोंबत होता. सोल्वेगआत्या म्हणतात तुम्ही ताटातलं अर्धं टाकता. पत्त्यांनाही बसत नाही. मला हे तुम्हाला विचारायचं नव्हतं, म्हणून त्यांना विचारलं.

मागच्या आठवड्यात वॉर्डला पोर्चवर बसवला आणि म्हटलं, “तू पाहिलंस. सांग मला.” तो बराच वेळ टोपी फिरवत बसला. म्हणाला, “लोर्ना, हात नव्हते गं,” आणि मग हा एवढा मोठा माणूस पायऱ्या उतरून माझ्या झुडपात ओकला. दुसऱ्या दिवशी विल्माने पाणी सोडून पोर्च धुतला. तो रात्री झोपत नाही, म्हणाली. यंत्र चालवता चालवता मधेच थांबतो.

म्हणजे तुम्ही मला जे बघू दिलं नाहीत ते वॉर्डने बघितलं. कोणाला तरी बघावंच लागणार होतं, आणि तुम्ही तो निवडलात. याचाही मला राग आहे. मी तुमचे आभार मानणार नाही. तो माझा नवरा होता, आणि बघायचं की नाही हे मी ठरवायला हवं होतं. हे मी मरेपर्यंत म्हणत राहीन.

पण परवा भांडी घासत होते आणि नेल्सचा चेहरा समोर आला. सगळा. कपाळावरच्या त्या व्रणासकट. मी पाणी बंद केलं आणि तशीच उभी राहिले.

मागची खोली रिकामी आहे. उन्हं दुपारपर्यंत राहतात. पायऱ्या नाहीत, त्यामुळे गुडघ्यांची सबब चालणार नाही. वॉर्डला मी सांगून ठेवलंय, तो शुक्रवारी मिसुलाला ट्रक घेऊन येईल. त्याच्याशी जरा बोला. तुम्ही दोघं त्याबद्दल बोलू शकाल, माझ्याशी नाही.

गैरसमज नको. माझा राग गेलेला नाही, आणि मी तुमच्याशी एवढ्यात बोलणारही नाही. पण अबोला धरायचा म्हटलं तरी माणूस घरात लागतं, पा. मी इथे रिकाम्या खुर्चीशी किती दिवस धरू?

या.

लोर्ना